आपल्या शेताचं आपण बोलायचं नाही

सावड मंडळाचा नियम एकच होता आणि तो कुठं लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरज कधी पडली नव्हती. आपल्या शेताचं आपण बोलायचं नाही. तुमचा गहू उभ्या उभ्या वाळत असेल, तुमच्या बांधाला भगदाड पडलं असेल, तरी शुक्रवारच्या बैठकीत तुम्ही गप्प बसायचं. दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं, "अमक्याचा गहू काढणीला आलाय." मग तिसऱ्यानं म्हणायचं, "ऐकलं." एकदा कुणी "ऐकलं" म्हटलं की काम ठरलं. रविवारी सकाळी ज्याला जमेल तो हॉलवर यायचा, मागच्या खोलीतलं एकेक अवजार उचलायचा आणि सगळे मिळून त्या शेतात उतरायचे. मजुरी नाही, उपकाराची भाषा नाही. शेत असलेले यायचे तसे नसलेलेही यायचे. तुकडाभर जमिनीची शिंपीणबाई यायची, न्हावी यायचा.

नियम जुन्या माणसांनी केला होता. पहिल्या वर्षी जो तो आपलंच घोडं पुढं दामटत होता, आणि वर्ष संपता संपता दोघांची डोकी फुटली. तेव्हापासून हा नियम. नियम चांगला होता. फक्त तो चालायला सगळ्यांकडं लक्ष असलेलं एक माणूस लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते माणूस म्हणजे पंपवाल्याची बायको. सगळं गाव तिला काकू म्हणायचं.

काकू गेल्या त्याला चार महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय. पंपवाल्यानं आयुष्यभर दुसरं केलं काय? झडपाच बदलल्या. त्यानं डॉक्टरांना दोनदा विचारलं, बदलता येत नाही का? डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.  तो फार बोलणारा नव्हता. तीस वर्षं बैठकीला जाऊन मागच्या बाकावर बसला, पण एकदाही तोंड उघडलं नाही. कुणी डिवचलं तर म्हणायचा, घरातल्या एकानं बोललं की पुरे.

हॉलची किल्ली त्याच्याकडं आली ती काही निवडून नाही. ती त्याच्याच घरातल्या खिळ्याला होती, म्हणून आली. तो हॉल झाडायचा, बाक पुसायचा, शुक्रवारी स्टोव्ह पेटवून चहा करायचा. वीस-बावीस माणसं यायची. अध्यक्ष होत्या मास्तरीणबाई, नोकरीत असताना नुसत्या चष्म्यावरून बघून वर्ग गार करणाऱ्या. त्या विचारायच्या, "बोला, कुणाचं काय?" आणि सगळीकडं अळीमिळी गुपचिळी. ज्याचं अडलेलं असे त्याला बोलायची बंदी. ज्यानं बोलायचं त्याला वाटे, हे काकूंचं काम, आपण कशाला नाक खुपसा. मग चहा चांगला झालाय असं कुणीतरी म्हणे, आणि बैठक संपे. चार महिने अवजारं जागची हलली नव्हती.

तशात तालुक्याच्या कचेरीचं पत्र आलं, हॉल सरकारीच होता. हॉल वापरात नाही असं कानावर आलंय, आणि डेअरीला दूध थंड करायच्या टाक्या ठेवायला जागा हवी आहे. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता तपासनीस येतील, स्वतः पाहतील आणि तिथल्या तिथं ठरवतील.

मास्तरीणबाईंनी पत्र मोठ्यानं वाचलं. पंपवाला कप विसळत होता, त्याचा हात थांबला. त्याची बायको घरी यायची ती झोपायला, राहायची ती हॉलमध्येच, असं तो थट्टेनं म्हणायचा. त्या थट्टेत खोटं काही नव्हतं. बाकांचा रंग तिनं निवडलेला, पडदे तिनं शिवून घेतलेले. ती गेली ते काही त्याच्या हातात नव्हतं. पण हॉल गेला तर ते आपल्या डोळ्यांदेखत जाईल, आणि आपण कप विसळत असू, हे त्याला सहन होईना.

त्यानं शहरातल्या लेकीला फोन लावला. विचारलं, कुणाचं काय अडलंय हे तुझ्या आईला कळायचं कसं? लेक आईच्या वळणावर गेलेली. म्हणाली, "आईला कुणी स्वप्नात येऊन सांगायचं नाही, बाबा. ती रोज अंडी द्यायला निघायची. घरोघर, शेताशेतातून. तेव्हा बघायची. कोंबड्या अजून अंडी देतात ना? मग उचला टोपली."

दुसऱ्या दिवशी त्यानं टोपली उचलली. तीस वर्षांत गावातल्या प्रत्येक शेतात त्याचा पाय लागला होता, पण तो पंपापुरता. कुणाच्या विहिरीवर किती ताकदीची मोटर आहे, कुणाचं बेअरिंग घासलंय, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्या शेतात काय पेरलंय, हे विचाराल तर डोकं खाजवेल. आता तो डोळे फाडून बघत हिंडला. शिंपीणबाईच्या तुकड्यापाशी तर त्याला कळवळूनच आलं. कमरेइतकं रान माजलेलं, वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. बिचारी दिवसभर मशीनवर वाकलेली, तिला कुठला वेळ?

शुक्रवारी मास्तरीणबाईंनी "बोला" म्हटलं आणि पंपवाला उभा राहिला. बाक करकरले, सगळी बैठक मागं वळली. तो म्हणाला, शिंपीणबाईंच्या शेतात तण फार झालंय, सगळ्यांनी जाऊन उपटून टाकू.

कुणी "ऐकलं" म्हणेना. शिंपीणबाई खाली बघत होती. तिला आपल्या शेताचं बोलायला बंदी, त्यामुळं तिनं थोडा वेळ कळ काढली. मग राहवलं नाही.

"नियम मोडते, माफ करा. पंपकाका, ते तण नाही. ते गाजर आहे. बियाण्याला ठेवलंय."

न्हाव्याला आधी ठसका लागला. मग हॉल जो हसायला लागला तो थांबेना. चार महिन्यांत त्या भिंतींनी हसणं ऐकलं नव्हतं. पंपवाल्याला वाटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. त्यानं किटली उचलली आणि उगाच आत गेला. निघताना मास्तरीणबाई त्याच्यापाशी थांबल्या. "हसले ते हसले. पण चार महिन्यांत उभे राहिलात ते तुम्ही एकटे. पुढच्या शुक्रवारीही राहा." त्यानं मान हलवली, पण मनात ठरवलं होतं, नाही. बायकोचे डोळे उसने मिळत नाहीत.

पुढचे काही दिवस तो अंडी ठेवून येई ती खाली मान घालून. पुढच्या शुक्रवारीही उभा राहिला नाही.

वीज सकाळी सहाला यायची. त्या वेळी तो हॉलच्या पायरीवर बसलेला असे, झाडू बाजूला ठेवून. वीज आली की गावातले एकतीस पंप एकामागून एक सुरू होत, आणि त्याच्या कानांना ते माणसांच्या आवाजासारखे वेगवेगळे कळत. हा न्हाव्याच्या भावाचा, खोकल्यासारखा. हा मास्तरीणबाईंचा, एकदा सुरू झाला की कुणाचं न ऐकणारा. त्या मंगळवारी त्याला एक पंप सुरू झालेला ऐकू आला, आणि मिनिटभरात बंद पडलेलाही. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बुधवारी तेच. आवाज कोरडा होता, पाणी न धरता नुसताच फिरणारा. गुरुवारी त्यानं आणखी कान दिला आणि ओळखला. तो फाटकवाल्याचा पंप होता.

फाटकवाला नऊ वर्षांपूर्वी मंडळातून निघून गेला होता. त्या वर्षी त्याचे बटाटे काढणीला आले, तेव्हा काकू लेकीच्या बाळंतपणाला शहरात गेल्या होत्या. दोन शुक्रवार झाले, कुणीच त्याच्या शेताचं बोललं नाही. तो समोर बसून होता. नियम म्हणजे नियम, त्यानं तोंड उघडलं नाही, आणि अर्धे बटाटे जमिनीतच सडले. तिसऱ्या शुक्रवारी तो आला, आपली कुदळ खांद्यावर टाकली आणि गेला. मग त्यानं शेताला लोखंडी फाटक बसवलं आणि मंडळाच्या माणसाला ते कधी उघडलं नाही; पंप बिघडला तर तेवढा पंपवाल्याला आत घ्यायचा. काकू परत आल्यावर तीनदा जाऊन आल्या. फाटकाबाहेरूनच परत आल्या. पुढं नऊ वर्षं, कुठंही बटाट्याचं नाव निघालं की त्या गप्प होत.

पंपवाल्यानं हत्यारांची पिशवी घेतली आणि गेला. फाटकाला आतून कडी होती. साठी ओलांडलेला माणूस, पण चढला आणि पलीकडं उतरला.

फाटकवाला विहिरीपाशी दगडावर बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, कोपरापर्यंत प्लास्टर. तो पंप जुना, सुरू करताना वरून पाणी भरावं लागे. एका हातानं डबा ओतायचा आणि दुसऱ्यानं तोटी बंद करायची. फाटकवाल्याकडं दुसरा हात नव्हता. मागं दोन जनावरं कोरड्या हौदाशी उभी होती.

"मी बोलावलं नव्हतं," फाटकवाला म्हणाला.

"पंपानं बोलावलं," पंपवाला म्हणाला आणि डबा उचलला.

पाणी धरलं, हौदात पडायला लागलं, जनावरांनी माना खाली घातल्या.  मग पंपवाल्यानं मान वर करून शेत बघितलं, आणि या वेळी त्याला गाजराची शंका आली नाही. बटाट्याचा पाला कापून टाकलेला. वरंबेच्या वरंबे तसेच. दोनच सऱ्या उकरलेल्या, त्याही वेड्यावाकड्या, डाव्या हातानं उकरल्यासारख्या. त्यानं विचारलं, ट्रक कधी यायचाय? कोल्ड स्टोरेजचा ट्रक सोमवारी सकाळी होता. सोमवारी माल नाही दिला, तर राखून ठेवलेली जागा दुसऱ्याला जाणार होती. फाटकवाल्यानं हे असं सांगितलं, जसं कुणी परक्याच्या शेताबद्दल सांगावं.

"उद्या शुक्रवार आहे," पंपवाला म्हणाला.

"मी तुमच्यातला नाही."

"पंप माझ्यातला आहे. वीस वर्षं मीच दुरुस्त करतोय."

फाटकवाल्याचा ओठ हलला. हसला असं म्हणता येणार नाही. पण पंपवाला निघाला तेव्हा त्याला फाटकावर चढावं लागलं नाही. कडी काढलेली होती.

शुक्रवारी हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता, कारण रविवारी तपासनीस येणार होते. मास्तरीणबाईंनी सगळी आखणी केली होती. रविवारी नऊलाच सगळ्यांनी हॉलमध्ये हजर राहायचं, चांगले कपडे घालून. बाक गोल मांडायचे. बियाण्यांवर चर्चा चालू आहे असं दाखवायचं, आणि न्हाव्यानं मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. न्हाव्यानं तीन प्रश्न पाठसुद्धा केले होते.

त्यात पंपवाला उभा राहिला. दोघांतिघांनी आधीच तोंडावर हात धरले.

त्यानं सांगितलं, फाटकवाल्याचा हात मोडलाय. बटाटे जमिनीत आहेत. सोमवारी ट्रक आहे. मध्ये रविवार एकच आहे.

मग जो गलका झाला त्यात कुणाचं धड ऐकू येईना. तो मंडळात आहे का? त्यानं काकूंना फाटकाबाहेर उभं ठेवलं होतं. आणि रविवारीच? रविवारी साहेब येणार, ते काय रिकामे बाक बघून जाणार? न्हावी म्हणाला, माझे प्रश्न वाया जातील.  मास्तरीणबाई मात्र पंपवाल्याकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या बघण्यानं हळूहळू हॉल गार झाला.

"साहेब हॉल वापरात आहे का ते बघायला येतायत," पंपवाला म्हणाला.  "आपण त्यांच्यासाठी बसून राहिलो, तर त्यांना काय दिसेल? बसलेली माणसं. त्यापेक्षा टाक्या बऱ्या, त्या निदान दूध तरी थंड करतील." कुणी हसलं नाही. "नऊ वर्षांपूर्वी ती नव्हती म्हणून त्याचं कुणी बोललं नाही. त्या वेळी मी इथंच मागं बसलो होतो. त्याच्या मोटरचं बेअरिंग त्याच आठवड्यात बदललं होतं. शेतातून चालत गेलो होतो. मला दिसलं नव्हतं असं नाही. मी बोललो नाही, एवढंच. आज बोलतोय. त्याचे बटाटे काढणीला आलेत."

पंखा फिरत होता. 

"ऐकलं," शिंपीणबाई म्हणाली.

"ऐकलं," न्हावी म्हणाला. मग मागून आणखी एक, मग खिडकीपाशी दोघं. नियमाला एकच पुरे होता, पण त्या दिवशी जवळपास सगळा हॉल म्हणाला.

रविवारी सात वाजता मागची खोली रिकामी झाली. कुदळी, टिकाव, घमेली, पोती, दोन हातगाड्या, सगळं गेलं. पंपवालाही निघाला होता, पण मास्तरीणबाईंनी त्याला पायरीवरच अडवलं. साहेबांना कुणीतरी भेटायला हवं. किल्ली तुमची, तेव्हा साहेबही तुमचे. तो एकटा राहिला. दहाला पाच कमी असताना त्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि मग त्याला वाटलं, रिकामा हॉल उजेडात आणखीच रिकामा दिसतो.

तपासनीस मोटारसायकलवरून आले. बारीक अंगाचे, काखेत फाइल. आत येऊन त्यांनी चारी भिंती बघितल्या, बाक बघितले. फाइल उघडली. "सभागृहात उपस्थित व्यक्ती," त्यांनी वाचलं, पंपवाल्याकडं बघितलं आणि रकान्यात लिहिलं, एक.

"बाकीचे कुठं आहेत?"

"कामावर."

"आज सुट्टी आहे."

"म्हणूनच."

तपासनीस मागच्या खोलीत डोकावले. भिंतीवर नुसते खिळे. त्यांनी विचारलं, अवजारं चोरीला गेली का? पंपवाल्याला आपली बाजू मांडता येत नव्हती. ते त्याचं काम कधी नव्हतंच. तो एवढंच म्हणाला, साहेब, दहा मिनिटं चालायची तयारी असेल तर चला. आणि उत्तराची वाट न बघता पायरी उतरला. थोड्या वेळानं त्याला मागं बुटांचा आवाज आला.

फाटक उघडं होतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. फाटक जागेवरच नव्हतं. बिजागऱ्यांतून उचलून ते रस्त्याच्या कडेच्या चरीवर आडवं टाकलं होतं, आणि त्याच्यावरून पोत्यांनी भरलेल्या हातगाड्या धडधडत बाहेर येत होत्या. आत शेत माणसांनी भरलेलं. शुक्रवारी न येणारेही आले होते, त्यांच्या बायका, त्यांचे पाहुणेसुद्धा. सरीत माणसं अशी भिडली होती की माती नुसती उसळत होती. मधोमध फाटकवाला, एक हात गळ्यात, दुसरा हवेत. "अरे, बटाटे आहेत ते, दात उपटल्यासारखे काय उपटता? खालून घाला, खालून. नऊ वर्षांत सगळे विसरलात की काय." आणि ज्याला बोलला तो उलट ओरडला, "नऊ वर्षं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून विसरलो."

तपासनीस चरीपाशी उभे राहिले. म्हणाले, मला माणसं मोजायला हवीत, सगळ्यांनी पाच मिनिटं एका जागी उभं राहा. मास्तरीणबाई सरीतून वर आल्या. पदर खोचलेला, चष्म्यावर माती. त्या म्हणाल्या, "उभं राहायला वेळ नाही, साहेब. ट्रक उद्या आहे. तुम्ही मोजा, पण हे जरा धरून मोजा," आणि पोत्याचं तोंड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते धरलं. पोतं भरलं, दुसरं आलं. पहिल्यांदा मोजणीत त्रेचाळीस माणसं आली, दुसऱ्यांदा एकावन्न, कारण माणसं हलत होती. तिसऱ्या वेळी तपासनिसांनी बूट काढले.

दुपारी चहा आला तेव्हा ते भरल्या पोत्यावर बसले आणि फाइल उघडली. म्हणाले, माझ्या फॉर्ममध्ये शेतासाठी रकानाच नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, मागची बाजू कोरी असेल. ती होती. तपासनीस बराच वेळ लिहीत होते, मातीच्या बोटांचे ठसे उठवत. आजूबाजूला हळूहळू सगळे गोळा झाले. कुणाला विचारायचा धीर होईना. अखेर त्यांनी शेवटच्या दोन ओळी आपणहून वाचल्या. सभागृह पूर्ण वापरात आहे. डेअरीने टाक्यांसाठी दुसरी जागा पाहावी.

पंपवाल्याला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी त्याला कडकडून भूक लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा. तो शिंपीणबाईच्या डब्यातल्या तीन भाकऱ्या उभ्या उभ्या खाऊन गेला. तिनं चौथी पुढं केली आणि म्हणाली, भाजी गाजराची आहे, चालेल ना? त्यावर जो हशा झाला त्यात तो स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

ऊन उतरायच्या आत शेवटची सरी संपली. दोनशे अकरा पोती. सगळे तसेच मातीनं माखलेले हॉलवर आले. नळावर अवजारं धुतली, आणि कुणाची सरी किती लांब होती यावर भांडण सुरू झालं. पंपवाल्यानं दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा पुरला नाही.

फाटकवाला सगळ्यात शेवटी आला. दारात थोडा थांबला, मग आत येऊन मागच्या बाकावर, पंपवाल्याच्या नेहमीच्या जागेशेजारी बसला. कुणी त्याला या म्हटलं नाही. नुसते सरकले. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि घसा साफ केला.

"न्हाव्याच्या भावाची विहीर ढासळत आलीय," तो म्हणाला. "माझ्या बांधावरून दिसते. दोन वर्षं दिसतेय."

आणि बांध फुटावा तसं झालं. विहिरीचं राहू दे, पलीकडच्या म्हातारीचा वाफा आधी. अहो, मास्तरीणबाईंच्या गोठ्याचा पत्रा उडालाय, त्या सांगणार नाहीत. शिंपीणबाईचं गाजराचं बी वाळत आलंय, झोडायला माणसं लागतील, आणि ते गाजरच आहे, आम्ही बघून आलोय. चार महिन्यांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. कोण कुणाचं बोलतंय ते कळत नव्हतं, फक्त कुणी स्वतःचं बोलत नव्हतं. मास्तरीणबाईंनी वही काढली होती, पण हात पोचेना. त्या टेबलावर डस्टर आपटत म्हणत होत्या, एकेकानं, एकेकानं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

पंपवाला किटली घेऊन मध्येच उभा राहिला. इतक्या आवाजात त्याला एकेक आवाज वेगळा ऐकू येत होता. त्यानं किटली खाली ठेवली आणि आपणही बोलायला लागला.